शिंपल्याची साक्ष : ध्रुवीय किनाऱ्यावरील जड धातूंचा शोध



साहित्य संस्थेच्या वार्षिक व्याख्यानमालेत रसायनशास्त्राच्या माणसाला बोलावणे, यात संस्थेचे धाडस आहे आणि माझी परीक्षा आहे. विषयाचे नाव वाचून आपल्यापैकी काहींना वाटले असेल, शिंपल्यांबद्दलच बोलायचे तर ध्रुवापर्यंत कशाला जायचे? आपल्या खाडीत काय कमी आहेत? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर द्यायला मला तासभर लागेल, आणि ते उत्तर शेवटी आपल्याच खाडीशी येऊन थांबेल, एवढे वचन आरंभी देतो.

सुरुवात घरापासूनच करू. गोव्यातली जुनी घरे आपण पाहिलेली आहेत. काच दुर्मिळ आणि महाग होती त्या काळी खिडकीच्या लाकडी चौकटींत शिंपल्यांचे पातळ, चौकोनी कापलेले तुकडे ओळीने बसवत. त्यांतून उजेड आत येई, पण उन्हाची तिरीप येत नसे. हा चपटा, जवळजवळ पारदर्शक शिंपला चिखलीच्या खाडीत अजूनही आढळतो, आणि आता त्याला वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. आपल्या पूर्वजांनी शिंपल्यातून उजेड घरात घेतला. मी आज ज्यांच्याविषयी सांगणार आहे त्या संशोधकांनी शिंपल्यातून समुद्राच्या पोटात डोकावून पाहिले. खिडकी तीच, फक्त पाहण्याची दिशा उलटी.

आणखी एक ओळखीची गोष्ट. स्वाती नक्षत्रातला पावसाचा थेंब शिंपल्यात पडला की त्याचा मोती होतो, ही कल्पना आपल्या कवितेत आणि सुभाषितांत पिढ्यानपिढ्या चालत आली. विज्ञानाला ती मान्य नाही. पण तिच्यात एक निरीक्षण दडलेले आहे, ते खरे आहे : शिंपला त्याच्या पोटात जे पडते ते धरून ठेवतो. थेंब स्वातीचा असो की खाणीच्या सांडपाण्याचा, शिंपल्याला निवड नाही.

आता मूळ अडचणीकडे येतो. समुद्रात शिसे, पारा, कॅडमियम, तांबे, जस्त हे धातू विरघळलेले असतात, पण अत्यल्प. स्वच्छ समुद्राच्या पाण्यात शिशाचे प्रमाण एक अब्जांशाच्याही खाली असते. इतकी सूक्ष्म मात्रा मोजायची तर पाणी ज्या बाटलीत घ्यायचे ती बाटली, ज्या बोटीवरून घ्यायचे ती बोट, आणि घेणाऱ्याचे हात, हे सगळेच संशयित ठरतात. अमेरिकेतील भूरसायनशास्त्रज्ञ क्लेअर पॅटरसन यांना याचा कडू अनुभव आला होता. पृथ्वीचे वय सुमारे साडेचार अब्ज वर्षे आहे हे 1956 मध्ये दाखवून देणारे हेच ते शास्त्रज्ञ. ते मोजमाप शिशाच्या समस्थानिकांवर अवलंबून होते, आणि प्रयोगशाळेच्या हवेतले, धुळीतले, भांड्यांतले शिसे त्यांचे आकडे बिघडवत होते. मग त्यांनी बाहेरची धूळ आत येऊ नये अशी अतिस्वच्छ प्रयोगशाळाच उभारली. पुढे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्रीनलंडचा बर्फ तपासला, आणि 1969 मध्ये प्रसिद्ध केले की प्राचीन काळच्या थरांच्या तुलनेत विसाव्या शतकातल्या बर्फात शिसे दोनशेहून अधिक पटींनी वाढले आहे. त्यातला मोठा वाटा मोटारींच्या पेट्रोलमध्ये मिसळल्या जाणाऱ्या शिशाचा होता. आपल्या देशात असे पेट्रोल 2000 साली बंद झाले.

पॅटरसन यांच्या या कहाणीचा धडा असा, की अत्यल्प मात्रा मोजताना मोजणाराच चूक आत आणतो. शिवाय पाण्याचा नमुना फक्त त्या क्षणापुरता खरा असतो. सकाळी भरलेली बाटली संध्याकाळच्या भरतीबद्दल काही सांगत नाही. कारखान्याने रात्री सांडपाणी सोडले आणि दिवसा आपण पाणी तपासले, तर अहवाल निर्मळ येतो.

म्हणून अशा कोणाची तरी गरज असते, जो चोवीस तास तिथेच बसून आहे, जागा सोडत नाही, आणि जे येते ते साठवून ठेवतो. शिणाणे, तिसऱ्या, खुबे, कालवे ही मंडळी हे काम फुकट करतात. शिणाण्यासारखा प्राणी खडकाला तंतूंनी स्वतःला बांधून घेतो आणि तासाला लिटर-दीड लिटर पाणी कल्ल्यांतून गाळतो. पाण्यातले सूक्ष्म शैवाल तो खातो, आणि त्याबरोबर आलेले धातूही शरीरात घेतो. त्याच्या पेशींत मेटॅलोथायोनिन नावाचे प्रथिन असते. ते कॅडमियमसारख्या धातूला घट्ट पकडते आणि त्याची बाधा काही प्रमाणात टाळते. पण पकडून ठेवणे म्हणजे बाहेर टाकणे नव्हे. परिणामी पाण्यात जे मोजता येत नाही ते शिंपल्याच्या मांसात हजारो पटींनी दाट होऊन सहज मोजता येते. बाटली एका क्षणाची साक्ष देते, शिंपला काही महिन्यांची, कधी काही वर्षांची.

या कल्पनेला जागतिक रूप दिले ते स्क्रिप्स संस्थेच्या एडवर्ड गोल्डबर्ग यांनी. 1975 मध्ये त्यांनी एक छोटा लेख लिहून सुचवले, की जगाच्या किनाऱ्यांवर एकाच जातीकुळीचे शिंपले गोळा करून त्यांची एकाच पद्धतीने तपासणी व्हावी. ‘मसल वॉच’ हे नाव तेव्हापासून रूढ झाले. मसल म्हणजे शिणाणे. तेव्हा आपण त्याला शिणाण्यांचा पहारा म्हणू. अमेरिकेत 1986 पासून सरकारी पातळीवर तो पहारा सुरू झाला.

आता ध्रुवाकडे वळू. जिथे कारखाने नाहीत, शहरे नाहीत, तिथे पहारा कशाला? याला उत्तर दक्षिण ध्रुवाच्या बर्फातूनच आले आहे. अंटार्क्टिकाच्या वेगवेगळ्या भागांतून काढलेल्या बर्फाच्या गाभ्यांचा अभ्यास 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात औद्योगिक शिसे त्या खंडावर 1889 च्या सुमारास पोहोचल्याचे दिसले, आणि शिशाच्या समस्थानिकांवरून त्याचा माग ऑस्ट्रेलियातील ब्रोकन हिलच्या खनिजापर्यंत लागला. रोआल्ड आमुंडसेन दक्षिण ध्रुवावर पोहोचला 14 डिसेंबर 1911 रोजी. म्हणजे माणसाच्या आधी माणसाचे शिसे तिथे वीस-बावीस वर्षे जाऊन बसले होते. ‘अस्पर्शित’ हा शब्द आपण ध्रुवप्रदेशासाठी सहज वापरतो. तो जपून वापरायला हवा.

पण वाऱ्याने आलेले शिसे ही गोष्टीची एक बाजू. दुसरी बाजू माणसाने तिथेच जाऊन केलेल्या कामांची आहे, आणि तिचे सर्वांत बोलके उदाहरण उत्तरेत, ग्रीनलंडमध्ये आहे. त्यावर मी थोडा रेंगाळणार आहे.

ग्रीनलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, उम्मान्नाक परिसरात, मार्मोरिलिक नावाची जागा आहे. नावाचा अर्थच संगमरवराची जागा. तिथे समुद्राच्या चिंचोळ्या, खोल फाट्यावर एक उभा पांढुरका कडा आहे, आणि त्याच्या अंगावर काळ्या खडकाची एक आकृती आहे, पंख पसरलेल्या देवदूतासारखी. म्हणून तिथल्या खाणीचे नाव ‘ब्लॅक एंजल’, काळा देवदूत. खनिज होते शिसे आणि जस्ताचे. खाणीचे तोंड पाण्यापासून सुमारे सहाशे मीटर उंच कड्यात, आणि खनिज फाट्यापलीकडे नेण्यासाठी हवेतून तारेची पाळणागाडी. 1973 मध्ये काम सुरू झाले. दगड दळून त्यातले शिसे-जस्त वेगळे केल्यावर उरलेला गाळ आफार्लिकास्सा नावाच्या लहान फाट्याच्या तळाशी सोडला जाई. भरवसा असा होता, की धातू गाळाच्या कणांत अडकून तळाशीच राहतील.

भरवसा फोल ठरला. पहिल्या काही वर्षांतच फाट्याच्या पाण्यात, किनाऱ्यावरच्या समुद्रशैवालात आणि निळ्या शिणाण्यांत शिसे आणि जस्त वाढलेले दिसू लागले. गाळातून धातू विरघळत होते, खाणीतून टाकलेल्या दगडाच्या राशींमधून पाण्याबरोबर उतरत होते, आणि धूळ वाऱ्यावर पसरत होती. धुळीचा माग दगडफुलाने दिला, पाण्याचा शैवालाने आणि शिणाण्यांनी. फाट्याच्या तोंडापासून जसजसे दूर जावे तसतसे शिणाण्यांतले शिसे कमी होत जाते, असा नकाशाच या प्राण्यांनी काढून दिला.

इथे एक गोष्ट आपण लक्षात घ्यावी. त्या किनाऱ्यावरच्या लोकांसाठी शिणाणे हे संशोधनाचे साहित्य नव्हते, अन्न होते. ओहोटीला खडकावरून खरवडून आणायचे आणि शिजवायचे, जसे आपल्याकडे करतात. शिसे शरीरात साठले की मुलांच्या मेंदूच्या वाढीवर त्याचा परिणाम होतो, हे वैद्यकशास्त्राने पक्के केलेले आहे. म्हणून प्रशासनाला सांगावे लागले, की या भागातले शिणाणे गोळा करू नका, खाऊ नका. आपल्याच दारातल्या खडकावरचे अन्न पुढे दिसते आहे, दिसायला जसेच्या तसे, चवीलाही तसेच, आणि ते घ्यायचे नाही. ही बंदी कशी वाटली असेल, हे खाडीकाठच्या माणसाला वेगळे समजावून सांगायला नको.

खाण 1990 मध्ये बंद झाली. माणसे गेली, यंत्रे गेली. शिणाणे राहिले, आणि त्यांच्यावरचे लक्षही राहिले. शास्त्रज्ञांनी एक साधा, सुंदर प्रयोग केला होता. स्वच्छ ठिकाणचे शिणाणे उचलून दूषित जागी ठेवले, आणि दूषित जागचे उचलून स्वच्छ पाण्यात नेले. पहिल्या गटाने शिसे घ्यायला सुरुवात केली. दुसऱ्या गटाने सोडायला सुरुवात केली खरी, पण अगदी संथपणे. स्वच्छ पाण्यात नेले म्हणून प्राणी लगेच स्वच्छ झाला नाही. बंद खाणीच्या परिसरातही हेच दिसले. धातूंचे प्रमाण उतरत गेले, पण वर्षांच्या नव्हे, दशकांच्या गतीने. सतरा वर्षे चाललेल्या खाणीचा हिशेब ती बंद झाल्यावर त्याहून अधिक काळ चालू राहिला.

आता दक्षिणेकडे. अंटार्क्टिकात शिंपले खाणारे गाव नाही. तिथे प्रदूषण करणारा आणि ते मोजणारा बहुतेक वेळा एकच असतो : संशोधन केंद्र. हे सांगताना मला संकोच वाटतो, कारण तो माझ्याच जातभाईंचा इतिहास आहे. अनेक दशके केंद्रांवरचा कचरा जवळच्या दरीत टाकत, जाळत किंवा समुद्राच्या बर्फावर ढकलून देत. उन्हाळ्यात बर्फ वितळला की कचरा तळाशी. ऑस्ट्रेलियाच्या केसी केंद्राजवळ थाला दरी नावाची अशी जागा होती. बॅटऱ्या, पत्रे, डबे, यंत्रांचे भाग तिथे साचले. उन्हाळ्यात वितळपाण्याचे ओहोळ त्या ढिगातून वाहत शेजारच्या ब्राउन उपसागरात उतरत. संशोधकांनी त्या उपसागरातले आणि दूरच्या स्वच्छ ठिकाणचे समुद्रतळाचे प्राणी तुलनेने तपासले तेव्हा कचऱ्याची खूण प्राण्यांच्या शरीरात उमटलेली आढळली. 2003-04 च्या उन्हाळ्यात त्या ढिगाचा मोठा भाग उकरून, पेट्यांत भरून, जहाजाने ऑस्ट्रेलियाला परत नेण्यात आला.

तिथल्या साक्षीदारांपैकी एकाची ओळख करून देतो. लॅटर्न्युला एलिप्टिका हे त्याचे शास्त्रीय नाव. अंटार्क्टिकाच्या भोवतीच्या किनाऱ्यांवर, चिखलाळ तळात तो स्वतःला पुरून घेतो. कवच पातळ, सहज फुटणारे. मोठा झाला की तळहाताएवढा. लांब मांसल नळी फक्त वर काढून ठेवतो आणि तिच्यातून पाणी ओढतो. समुद्राचे पाणी उणे 1.8 अंशांना गोठते, आणि हा प्राणी जवळजवळ त्याच तापमानात जगतो. थंडीमुळे त्याचे सगळे व्यवहार मंद. वाढ मंद, म्हातारपण मंद. तीस वर्षांहून अधिक जगलेले नमुने मिळाले आहेत. इतका दीर्घकाळ एका जागी बसणारा साक्षीदार दुसरीकडे क्वचितच मिळेल.

किंग जॉर्ज बेटावर अनेक देशांची केंद्रे जवळजवळ आहेत. तिथल्या मॅक्सवेल उपसागरातल्या याच प्राण्यातल्या धातूंची नोंद कोरियाच्या शास्त्रज्ञांनी 1996 मध्ये प्रसिद्ध केली. त्या शोधनिबंधाचा उद्देश आरोप करण्याचा नव्हता. उद्देश होता आधाररेषा आखण्याचा. म्हणजे आजचा आकडा लिहून ठेवायचा, म्हणजे उद्याचा आकडा कशाशी ताडायचा ते कळेल. प्राण्याच्या शरीरातही धातू सगळीकडे सारखे पसरलेले नव्हते. मूत्रपिंडात ते विशेष दाटलेले होते. त्यामुळे अख्खे मांस एकत्र वाटून तपासले की एक उत्तर येते, अवयव वेगळे केले की दुसरे.

इथपर्यंत ऐकून आपल्याला वाटेल, पद्धत सोपी आहे : शिंपला उघडा, धातू मोजा, आकडा जास्त आला की प्रदूषण. इथेच खरा सापळा आहे, आणि आजच्या व्याख्यानातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट हीच आहे.

इटलीचे केंद्र अंटार्क्टिकाच्या टेरा नोव्हा उपसागरावर आहे. तिथे अ‍ॅडामुसियम कोलबेकी नावाचा, पंख्याच्या आकाराचा शिंपला विपुल आढळतो. त्याच्या पचनग्रंथीत कॅडमियम फार मोठ्या प्रमाणात सापडले. आपल्याकडच्या एखाद्या बंदरात असा आकडा आला असता तर वर्तमानपत्रांत मथळे झाले असते. पण आसपास असा कोणताही कारखाना नव्हता, ज्याच्यावर बोट ठेवावे. उलगडा समुद्राच्या रसायनात आहे. कॅडमियम समुद्रात फॉस्फेटसारखे वागते. वरच्या थरातले शैवाल ते पोषकद्रव्यांबरोबर उचलते, मरून खाली जाते, आणि खोल पाण्यात कॅडमियम साठत राहते. दक्षिण महासागरात हे खोल पाणी वर येते. म्हणजे तिथल्या शिंपल्यांना कॅडमियम निसर्गच वाढतो, आणि हजारो वर्षे वाढत आला आहे.

उलट बाजूही आहे. जस्तासारखा धातू शरीराला हवा असतो, म्हणून शिणाण्यासारखे प्राणी त्याचे प्रमाण बऱ्याच अंशी स्वतः सांभाळतात. पाण्यात जस्त वाढले तरी मांसातला आकडा त्या मानाने हलत नाही. तेव्हा एका ठिकाणी आकडा मोठा आणि प्रदूषण नाही. दुसऱ्या ठिकाणी आकडा शांत आणि प्रदूषण आहे. साक्षीदार खोटे बोलत नाही. पण त्याला काय विचारले, हे विचारणाऱ्याला कळायला हवे.

म्हणून उलटतपासणी करावी लागते. तुझे वय काय? मोठ्या शिंपल्याची लहानाशी तुलना करून चालत नाही. तुला कोणत्या महिन्यात उचलले? ध्रुवावर खाण्याचा हंगाम उन्हाळ्याच्या थोड्या आठवड्यांचा. अंडी घालण्याआधी शरीर भरते, नंतर उतरते. मांस घटले की त्याच धातूची टक्केवारी वाढलेली दिसते. तुझ्याभोवतीचा खडक कोणता? किंग जॉर्ज बेटाचा खडक ज्वालामुखीचा आहे, आणि वितळणारी हिमनदी त्याची बारीक माती उपसागरात आणते. ती शिंपल्याच्या पोटात गेली तर आकडा खडकाचा असतो, केंद्राचा नव्हे.

ही शेवटची अडचण टाळायला काय करतात, ते ऐकून घरातल्या बायका हसतील. गोळा केलेले शिंपले दिवस-दोन दिवस स्वच्छ समुद्राच्या पाण्यात ठेवतात, म्हणजे ते पोटातली माती टाकून देतात. तिसऱ्यांची कचकच जावी म्हणून आपल्या स्वयंपाकघरात हेच चालते. पुढचे मात्र वेगळे. शिंपला पोलादी सुरीने उघडायचा नाही, कारण सुरीचाच धातू नमुन्यात उतरेल. मांस गोठवून सुकवायचे, शुद्ध नायट्रिक आम्लात विरघळवायचे, आणि मग यंत्राला द्यायचे. दर खेपेला, धातूंचे प्रमाण आधीच पक्के ठरलेली शिणाण्याच्या मांसाची प्रमाणित भुकटीही बरोबर तपासायची. तिचा आकडा बरोबर आला, तरच आपल्या नमुन्याचा आकडा मानायचा. पॅटरसन यांचा धडा इथे रोजच्या कामात उतरला आहे : दुसऱ्यावर संशय घेण्याआधी स्वतःवर घ्या.

यात भर पडली आहे बदलत्या हवामानाची. स्वालबार्ड या उत्तरेकडील द्वीपसमूहात निळे शिणाणे सुमारे हजार वर्षे नव्हते. 2004 मध्ये ते पुन्हा जिवंत सापडले. उबदार झालेल्या प्रवाहाबरोबर त्यांची पिल्ले तिथे पोहोचली होती. जिथे कालपर्यंत साक्षीदार नव्हता तिथे तो आला आहे. दक्षिणेत हिमनद्या मागे सरत आहेत आणि नवी माती समुद्रात उतरते आहे. आकडे आता बदलणारच. त्यातला किती बदल निसर्गाचा, किती तापमानाचा आणि किती आपल्या डब्यांचा आणि तेलाचा, हे वेगळे करायचे तर आधीची नोंद हवी. आधीची नोंद नसेल तर वादच उरतो.

याच विचारातून अंटार्क्टिकाच्या पर्यावरणरक्षणाचा माद्रिद करार 1991 मध्ये झाला आणि 1998 मध्ये अमलात आला. केंद्र उभारण्याआधी परिणामांचे मूल्यमापन आणि उभारल्यावर सतत निरीक्षण त्याने बंधनकारक केले. या कथेत आपणही आहोत. भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम डॉ. सय्यद झहूर कासीम यांच्या नेतृत्वाखाली डिसेंबर 1981 मध्ये निघाली ती याच गोव्याच्या किनाऱ्यावरून, आणि 9 जानेवारी 1982 रोजी तिथे उतरली. मैत्री केंद्र 1989 पासून आहे. ते खुल्या समुद्रापासून बरेच आत आहे. 2012 मध्ये सुरू झालेले भारती मात्र किनाऱ्यावर, लार्समन टेकड्यांत आहे, आणि ते कराराच्या काळातले असल्याने त्याचे मूल्यमापन बांधण्यापूर्वी करावे लागले. उत्तरेत स्वालबार्डमध्ये 2008 पासून हिमाद्री आहे. या सगळ्यांचा कारभार चालतो तो वास्कोच्या सडा भागातून, राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रातून.

त्या टेकडीवरून खाली पाहिले की मुरगावचे बंदर दिसते. आता मी वचन दिल्याप्रमाणे आपल्या खाडीशी येतो. गेल्या शतकाच्या मध्यापासून लोहखनिजाने भरलेली बार्जेस मांडवी आणि जुवारीतून याच बंदराकडे उतरत आली. खाणी चालल्या, 2012 मध्ये थांबल्या, पुन्हा सुरू करण्याची खटपट झाली, 2018 मध्ये न्यायालयाच्या निकालाने पुन्हा थांबल्या. त्या सर्व काळात ओहोटीला बायका तिसऱ्या काढत राहिल्या, आणि आपण त्या खात राहिलो. खाण असावी की नसावी, हा वाद या व्यासपीठाचा नाही आणि माझाही नाही. माझे म्हणणे एवढेच, की वादात दोन्ही बाजूंना आधीचा आकडा लागतो. ‘पूर्वी असे नव्हते’ हे वाक्य आपण सभांमधून फार ऐकतो. पूर्वी कसे होते, ते कोणी मोजून लिहिले असेल तरच त्या वाक्याला वजन येते.

इथे एक विचार आपल्यापुढे ठेवतो. विचार म्हणूनच तो घ्यावा. शिंपल्याच्या मांसात काही महिन्यांची, वर्षांची नोंद असते, पण कवचात आयुष्यभराची. झाडाच्या खोडासारख्या त्यात वाढीच्या रेषा असतात. उत्तर अटलांटिकमध्ये आर्क्टिका आयलँडिका नावाचा शिंपला शेकडो वर्षे जगतो. 2006 मध्ये आइसलँडजवळ काढलेला एक नमुना पाचशे सात वर्षांचा निघाला. याच जातीच्या, अमेरिकेच्या व्हर्जिनिया किनाऱ्याजवळच्या शिंपल्यांच्या रेषांत शिशाच्या पेट्रोलचा काळ चढताना आणि उतरताना वाचता आला. आपल्या खिडक्यांतले शिंपले इतके दीर्घायुषी नाहीत. पण ज्या घराचे बांधकामाचे साल ठाऊक आहे, त्या घराच्या खिडकीतला शिंपला निदान त्या सालाच्या आधीच्या पाण्यातला आहे, हे नक्की. कवचात धातू मांसापेक्षा फार कमी उतरतात, वरून रंग आणि चुना लागलेला असतो, शिंपला कोणत्या खाडीचा हेही विचारावे लागेल. अडचणी खूप आहेत. तरीही जुने घर पाडताना त्या चौकटी भंगारात जातात तेव्हा मला वाटते, बार्जेस येण्यापूर्वीच्या पाण्याचे दप्तर आपण रद्दीत घालतो आहोत. एक चौकट ठेवा. मागे घराचे साल आणि गावाचे नाव लिहून ठेवा. कोणाच्या तरी कामी येईल.

साहित्याच्या मंडळींना हे सांगण्याचे कारण आता स्पष्ट झाले असेल. नोंद ठेवणे हे आपलेही काम आहे. ज्याने ते वेळेवर केले, त्याच्यामुळे पुढच्याला खरे-खोटे ठरवता येते. मार्मोरिलिकला शिणाण्यांनी सांगितले, तेव्हा निदान खाऊ नका असे सांगणारे कोणी होते. किंग जॉर्ज बेटावर तर काही बिघडण्याची वाट न पाहता आकडा लिहून ठेवला गेला. शिंपला तोंड मिटून बसतो, म्हणून आपण त्याला मुका समजतो. तो रोज नोंद करतो आहे. ती वाचायची की नाही, आणि वाचायला शिकायचे की नाही, एवढेच आपल्या हातात आहे.

उद्या बाजारातून तिसऱ्या आणाल, त्या पाण्यात टाकाल आणि तासाभराने भांड्याच्या तळाशी बसलेली माती पाहाल. ती फेकण्यापूर्वी क्षणभर थांबा. ती कोणत्या खाडीची आहे, आणि तिच्याबरोबर काय आले असेल, एवढे स्वतःला विचारा. आजच्या व्याख्यानाचे सार त्यात आले.